चमत्कार नव्हे, संस्कार

बहिणाबाई चौधरी यांचा गौरव करताना ‘निरक्षर असूनही’ हे दोन शब्द उच्चारल्यावाचून आपल्या वक्त्यांचे समाधान होत नाही. त्यातील ‘असूनही’लाच आमचा आक्षेप आहे. वर कौतुक, पण पोटात शाळेची पायरी न चढलेल्यांविषयीची तुच्छता!

बहिणाबाई (१८८०-१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते; परंतु त्या असंस्कृत नव्हत्या. जाते, पेरणी, मळणी, सणवार, कीर्तन आणि तरुणपणीच आलेले वैधव्य ही त्यांची पाठशाळा होती. फैजपूर, यावल, रावेरच्या शिवारांत आजही कानी पडणारी लेवा गणबोली ही त्यांची काव्यभाषा. गाव आणि शिवार वजा केले, तर त्यांची कविता उरतच नाही. तिला चमत्कार ठरवणे म्हणजे तिला घडवणाऱ्या समाजाचे ऋण नाकारणे होय.

हे खेड्यापुरते ठीक, असे कोणी म्हणेल. त्याने फैजपूरकडेच पाहावे. नवकवी बा. सी. मर्ढेकर १९०९ साली येथेच जन्मले. लंडनला शिकून आलेल्या, यंत्रयुगाची व्यथा मांडणाऱ्या या कवीनेही ओवी-अभंगाचाच आश्रय घेतला. त्याआधी तीन शतके, १६१६ साली गोमंतकात प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ही ओवीबद्धच आहे. इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूला जी ओवी हलकी वाटली नाही, ती आपल्याच घरांना हलकी वाटावी काय?

आपल्या धर्मग्रामांत हेच घडत आहे. आजीने बोलीत लग्नगीत धरले की नातवंडे हसतात, पाहुण्यांसमोर तिला गप्प केले जाते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. पण कमानीवर कवयित्रीचे नाव आणि घरात तिच्यासारख्या बोलीची लाज, हा मेळ आम्हांस मान्य नाही.

बहिणाबाईंची गाणी आपोआप टिकली नाहीत. मुलगा सोपानदेव व आप्तांनी ती ऐकून कागदावर उतरवली. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. टिपून घेणारे कोणी नसते, तर ती त्यांच्याबरोबरच मातीआड झाली असती.

म्हणून वाचकहो, काव्यस्पर्धा आणि सत्कार थोडे बाजूला ठेवा. वही घेऊन घरातील वृद्धेजवळ बसा. ती गाईल ते जसेच्या तसे लिहा. आणि कृपा करून तिचे शब्द ‘सुधारू’ नका.