हौशाच्या गाडीला भाडोत्री हात कशाला?

मोटारशर्यतीचा नाद आमच्या बेळगावात चार-दोन घरांना आहे, तसा कोल्हापूरला आहे, गोव्यातही आहे. जुनी एस्टीम किंवा मारुती ८०० घ्यायची, मागची सीट काढून टाकायची, आत लोखंडी पिंजरा बसवायचा आणि वर्षातून तीन-चारदा कुठल्याशा मातीच्या मैदानावर, नाहीतर पदरमोड करून थेट चेन्नई-कोइमतूरच्या ट्रॅकवर जाऊन घड्याळाशी झुंजायचे, असा हा नाद. यात मिळकत शून्य. मिळालाच तर एक पितळी चषक, आणि तोही घरात ठेवायला जागा नाही म्हणून बायको माळ्यावर टाकते. मीही या वेड्यांपैकीच एक. म्हणूनच या मंडळींत बोकाळलेल्या एका रिवाजाविरुद्ध लिहिण्याचा मला हक्क आहे असे मी समजतो.

रिवाज असा. गाडीचे ब्रेक अजून धड लागत नाहीत, टायर मागच्या वर्षीचेच आहेत. पण गाडी आधी शहरातल्या चकचकीत दुकानात धाडायची आणि अर्धा-पाऊण लाख मोजून तिला व्हिनाइलचा झगा चढवून आणायचा. त्या झग्यावर तेलाच्या, टायरच्या, घड्याळांच्या डझनभर बड्या कंपन्यांची नावे. या कंपन्यांनी आपल्याला फुटकी कवडी दिलेली नाही, आपण जिवंत आहोत याचीही त्यांना खबर नाही. आणि वर, जो घरच्या पडवीत स्वतःच्या हाताने व्हिनाइल चढवतो, त्याला हसायचे! माझे म्हणणे नेमके उलटे आहे. हौशी माणसाच्या शर्यतीच्या गाडीवरचे व्हिनाइल घरीच चढले पाहिजे, आणि ज्याची गाडी त्याच्याच हाताने चढले पाहिजे.

पहिला आक्षेप ठरलेला: ‘हे कारागिराचे काम, तुम्हांआम्हांला कसे जमणार?’ त्यासाठी हे व्हिनाइल म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. दुकानदार समजू देत नाही, म्हणून तर त्याचे फावते. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा, मागे दाबल्यावर चिकटणारा गोंद. त्याच्या दोन जाती. एक ‘कास्ट’: पातळ रस पसरून भट्टीत सुकवलेला, त्यामुळे अंगात ताण नसलेला, साधारण ५० मायक्रॉन जाडीचा. दुसरी ‘कॅलेंडर्ड’: गरम रुळांतून पोळीसारखी लाटलेली. लाटल्याचा ताण तिच्या अंगात राहतो, म्हणून ती पुढे आकसते आणि कडा सोडते. सपाट फळीवर दुसरी चालते. बंपरच्या वळणाला आणि आरशाच्या बोंडाला पहिलीच हवी. दोन्हींच्या दरांत मोठे अंतर, आणि एकीच्या नावावर दुसरी गळ्यात मारणारे दुकानदार मी पाहिलेले आहेत. घरी काम करणारा निदान गुंडाळीवरचा मजकूर तरी वाचतो!

बाकी कृतीत गूढ काही नाही. गाडी धुवायची, मेण-तेलाचा अंश राहू नये म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पडवीची फरशी ओली ठेवून धूळ बसवायची. सुमारे पाच फूट पन्हा असलेल्या गुंडाळीतून तुकडा कापायचा, दोघांनी चार कोपरे धरून चादरीसारखा ताणायचा आणि मधून कडेकडे, नमद्याची कड लावलेल्या पट्टीने दाबत जायचे. आजच्या चांगल्या व्हिनाइलच्या गोंदात हवा निसटायला बारीक पन्हळ्या असतात, त्यामुळे बुडबुड्यांचे भय पूर्वीइतके राहिलेले नाही. वळणावर हीट गनची ऊब द्यायची, पण ओढायचे बेताने. शेवटी ताणलेल्या जागा नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवायच्या, म्हणजे पापुद्रा आपला मूळ आकार विसरतो आणि परत आकसत नाही. आमच्याकडे आषाढ-श्रावणात हे काम करू नये; दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला उत्तम. ज्या घरात पापड लाटले जातात, गणपतीचे मखर उभे राहते, त्या घराला एवढी निगुती जमणार नाही?

दुसरा आक्षेप दिसण्याचा. घरी केलेल्या कामात एखादी सुरकुती राहते, सांधा दिसतो. राहू द्या! शर्यतीची गाडी लग्नाच्या वरातीची नव्हे. दुसऱ्याच फेरीत तिच्या दाराला कुणाचा तरी बंपर घासणार आहे. व्हिनाइलचा खरा गुण तिथेच कळतो. रंग असता तर लांबी भरा, घासा, छटा जुळवा. इथे तेवढ्या दाराचा तुकडा सोलायचा आणि नवा लावायचा. वजनाचेही तेच. लहान गाडीला सुमारे २० चौरस मीटर व्हिनाइल लागते. त्याचा भार गोंदासकट अडीच किलोंच्या आसपास. २०२२ साली फॉर्म्युला वनच्या गाड्या नव्या नियमांत जड झाल्या, तेव्हा कोट्यधीश संघांनीदेखील अंगावरचा रंग काढून कार्बनचे काळे अंग उघडे ठेवले. शोभेची हौस त्यांना परवडली नाही, ती आम्हांला परवडते म्हणे.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. व्हिनाइल चढवताना माणसाचा तळहात गाडीच्या प्रत्येक वितीवरून फिरतो. पत्र्याचा पोचा, दाराच्या खाली धरलेला गंज, बंपरची केसाएवढी चीर, ढिला झालेला बोल्ट, हे सारे त्या हाताला लागते. कारण गंजावर व्हिनाइल टिकत नाही आणि पोचा झाकत नाही; ते लपवाछपवी करू देत नाही. माझ्या एस्टीमच्या पुढच्या आडव्या पट्टीचा तुटत आलेला वेल्ड मला असाच सापडला. दुकानातल्या पोराच्या हातालाही तो लागला असता. पण ती गाडी त्याची नव्हे. पिंजऱ्यात बसून वळण घेणारा मी, माझा जीव त्या पत्र्यात. बाहेरून वीज तोडण्याच्या खटक्यापाशी निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगी आणि अग्निशामकाच्या खेचकापाशी लाल ‘ई’ या खुणा अपघातात धावून येणाऱ्यांसाठी असतात. पैशाने आणलेल्या नक्षीखाली त्या दडलेल्या मी पाहिल्या आहेत. घरी करणाऱ्याच्या हातून असे होत नाही, कारण त्या कशासाठी आहेत हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक असते.

आता त्या उसन्या नावांविषयी. १९६८ साली लोटस संघाने आपला ब्रिटिश हिरवा रंग टाकून गाडीला सिगारेट कंपनीचे लाल-सोनेरी अंग दिले, तेव्हा कंपनीने त्याचे रोख पैसे मोजले होते. आपण बड्यांची जाहिरात फुकट करतो, नव्हे, पदरचे पैसे घालून करतो. आणि ज्या उद्यमबागच्या लेथवाल्याने रात्री जागून बुश उतरवून दिला, चहापलीकडे काही घेतले नाही, त्याचे नाव गाडीवर कुठे आहे? एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात कोइमतूरला मारुती ८०० चे इंजिन घालून स्वस्त शर्यतगाड्या घडवल्या, त्यावर कित्येक पोरे शिकली. आपल्या शर्यतीचे मूळ हे आहे. १९७९ साली अँडी वॉरहॉलने बीएमडब्ल्यूची शर्यतगाडी स्वतः कुंचला घेऊन अर्ध्या तासाच्या आत रंगवली. एवढ्या नामवंत माणसाला आपल्या हाताची लाज वाटली नाही!

दोन गोष्टी मलाही मान्य आहेत. पत्रा ठोकणे, गंज काढणे, लांबी भरणे हे डेंटर-पेंटरचे काम. ते त्यालाच द्यावे आणि घासाघीस न करता दाम द्यावा. दुसरे, उरलेले तुकडे जाळू नयेत. पीव्हीसी जळताना विषारी धूर होतो. आणि गाडी रस्त्यावरही फिरणार असेल, तर बदललेला रंग नोंदणीच्या कागदावर चढवून घ्यावा. पण एवढे सांभाळणे म्हणजे दुकानाला शरण जाणे नव्हे.

‘ॲमॅच्युअर’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये प्रेम करणारा असा अर्थ आहे. आपला ‘हौशी’ त्याचाच सख्खा भाऊ. सीमाभागातल्या हौशी नाटकमंडळ्यांनी पडदे स्वतः रंगवले, दाढ्या स्वतः चिकटवल्या. प्रेक्षकांना पडद्यावरची सुरकुती दिसे, तरी कुणी नाटक टाकून उठले नाही. त्या मंडळींची नातवंडे आज हौस विकत आणू लागली आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे: तो अर्धा-पाऊण लाख ब्रेकला, टायरला, चांगल्या हेल्मेटला घाला. व्हिनाइलची गुंडाळी घरी आणा, भावाला दुसरे टोक धरायला बोलवा, आणि दारावर त्या लेथवाल्याचे नाव ठसठशीत देवनागरीत लावा. हरलात तरी गाडी तुमची असेल.