बचावाला मास्तर नको का?

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख कोडबद्दल नाही. कबड्डीबद्दल आहे, आणि जरा चिडून लिहिलाय. शनिवारच्या सकाळी ज्यांना दुसऱ्याची चिडचिड नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. :)

तर मुद्दा असा. कबड्डी हा निम्मा चढाईचा आणि निम्मा पकडीचा खेळ. ज्या महाराष्ट्रात हुतूतूचे नियम पहिल्यांदा कागदावर आले, त्याच महाराष्ट्रात फक्त पकड शिकवणं हे एखाद्याचं पूर्णवेळ, पगारी काम असू शकतं असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. प्रशिक्षक एकच. तोच चढाई शिकवणार, तोच पकड शिकवणार, तोच पोरांची एसटीची तिकिटं काढणार आणि हरल्यावर शिव्याही तोच खाणार.

पकडीत शिकवण्यासारखं काय असतं, असं विचारणारे लोक मला हिंजवडीत रोज भेटतात. पाय दिसला की धरायचा, एवढंच ना? नाही हो. चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू बोनससाठी पाय लांबवतो तेव्हा कोपरारक्षकाने घोटा धरला आणि शेजारच्याने पाऊण सेकंद उशीर केला, तर चढाईपटू मध्यरेषेकडे अंग फेकतो आणि हात लावलेले सगळे बाद. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच. म्हणजे पाच जण उरले की कोपऱ्यानं उभं कुठं राहायचं याचं सगळं गणित बदलतं. तीन उरले की एका पकडीचे दोन गुण, म्हणजे पुन्हा वेगळा हिशेब. आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो! तेव्हा समोरच्याला यावंच लागतं. त्यामुळे पहिल्या दोन चढायांना चांगला बचाव मुद्दाम काहीच करत नाही. नवखा पोरगा मात्र पहिल्याच चढाईला उडी मारतो आणि बाकावर जाऊन बसतो. 'काहीच करू नकोस' हे शिकवायला दोन-दोन वर्षं लागतात. हे पार्ट टाइम शिकवून होत नाही.

आता जरा अमेरिकेत जाऊ. (ऑनसाइट नव्हे, विषयापुरतं.) तिथला फुटबॉल, तो हेल्मेटवाला, त्यात बचावाची जी पुढची फळी असते तिला स्वतंत्र प्रशिक्षक असतो. अख्ख्या बचावाला नाही हं, फक्त पुढच्या चारेक धिप्पाड माणसांना. पहिलं पाऊल कुठं पडलं, हात आधी कुणाचा लागला, प्रत्येक डावाची फिल्म थांबवून थांबवून बघायची. हा त्याचा व्यवसाय. रॉड मारिनेली नावाचा माणूस घ्या. स्वतः तिथल्या मोठ्या लीगमध्ये कधीही खेळला नाही. व्हिएतनाम युद्धावर जाऊन आला, १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कुलात प्रशिक्षक झाला, मग एकामागून एक चार विद्यापीठं. १९९६ मध्ये टॅम्पा बे संघानं त्याला बचावफळीचा प्रशिक्षक म्हणून घेतलं. हायस्कुलापासून तिथवर यायला २३ वर्षं लागली, पण प्रत्येक पायरीला नाव होतं आणि पगार होता. जानेवारी २००३ मध्ये तो संघ सुपर बोल जिंकला.

खरी गंमत पुढे आहे. २००६ मध्ये त्याला डेट्रॉइटनं मुख्य प्रशिक्षक केलं. २००८ च्या मोसमात डेट्रॉइट सोळापैकी सोळा सामने हरलं! नोकरी गेली. आपल्याकडे अशा माणसाचं काय झालं असतं ते सांगायला नको. तिथं काही आठवड्यांत शिकागोनं त्याला बोलावलं, पुन्हा बचावफळी शिकवायला. पुढे डल्लास, मग रेडर्स. सत्तरी ओलांडेपर्यंत हा माणूस तेच काम करत होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून तो फसला, म्हणून त्याची बचावफळीची विद्या खोटी ठरली नाही.

आपल्या आयटीवाल्यांना हे पटकन कळायला हवं, कारण आपल्याकडे तोच रोग आहे. डेटाबेस उत्तम कळणारा माणूस आठ-दहा वर्षांनी मॅनेजर होतो. का? पगाराची पुढची पायरी तिथंच ठेवलेली असते म्हणून. मग तो बिचारा एक्सेल शीट भरत बसतो आणि रात्री दोनला क्वेरी अडकली की टीममध्ये कुणालाच काही समजत नाही. हल्ली बऱ्याच कंपन्यांत तज्ज्ञांसाठी वेगळी शिडी आली आहे, चांगलं आहे. क्रिकेटमध्येही आली. टी. दिलीप २०२१ मध्ये भारतीय संघाचा क्षेत्ररक्षण प्रशिक्षक झाला, प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता. कबड्डीत?

कबड्डीत काय आहे ते आमच्या वसमतच्या एका पोराच्या निमित्तानं मी नीट शोधलं. त्याचं नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. डावा कोपरा. काळ्या मातीवर शिकला, जिल्ह्याकडून खेळला, नांदेडच्या विद्यापीठाकडून खेळला, गुडघा गेला, मग बी.पी.एड. केलं. आता एका शाळेत तासिका तत्त्वावर खेळाचे तास घेतो आणि हळदीचा सिझन आला की मोंढ्यात काट्यावर हिशेब लिहितो. (वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचं नाव झालं याचा आनंदच आहे.) संध्याकाळी वीसेक पोरांना फुकट शिकवतो. त्याची एक वही आहे. कुणी किती पकडींचा प्रयत्न केला, कितव्या चढाईला केला, किती फसल्या, शेजारचा कुठं होता, सगळं तारखेनिशी. फोनवर फाझल अत्राचलीचे व्हिडिओ थांबवून थांबवून पोरांना दाखवतो. मी ती वही पाहिली आणि गप्प झालो. आमच्या कंपनीत एवढी शिस्तशीर बग लिस्ट मी पाहिलेली नाही.

मागच्या दिवाळीत त्यानं मला विचारलं, "दादा, एनआयएसचा वर्षभराचा डिप्लोमा करू का? घरचे म्हणायलेत, करून काय भेटतंय?"

काय भेटतंय? क्रीडा अधिकारी व्हायचं तर स्पर्धा परीक्षा. तिथं मांडीची पकड कुणी विचारत नाही. क्रीडा खात्यातल्या मार्गदर्शकाच्या जागा मोजक्या आणि त्याच्यासारखे अर्जदार गावोगाव. खेलो इंडिया केंद्रांची योजना २०२० मध्ये आली, तिची कल्पनाच अशी की केंद्रावर माजी विजेता खेळाडू प्रशिक्षक असावा. म्हणजे पदक नाही तर रांगेत मागे. मारिनेली वसमतला जन्मला असता तर तोही काट्यावरच बसला असता.

आणि प्रो कबड्डी? तिथं पोझिशन बघून शिकवणारा वेगळा माणूस ही जागा अजून रूढ झालेली नाही. मुख्य प्रशिक्षक आणि एखादा सहाय्यक, संपलं. जोगिंदर नरवाल स्वतः डावा कोपरा होता, दबंग दिल्लीचा कर्णधार म्हणून आठवा हंगाम जिंकला आणि २०२५ मध्ये प्रशिक्षक म्हणूनही जिंकला. उत्तमच. पण हा जिना कर्णधाराच्या खोलीतून सुरू होतो. वहीवाल्या पोराला त्याची पहिली पायरीच दिसत नाही.

'कबड्डीत पैसा कुठंय?' असं कुणी म्हणेल. आहे की! २०१८ च्या लिलावात कोटीच्या घरात गेलेला पहिला खेळाडू हा फाझलच, म्हणजे कोपरारक्षक. २०२३ मध्ये आपल्या पुणेरी पलटणनं मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत अंतिम सामना झाला. त्या हंगामात सगळ्यात जास्त चढाई गुण मिळवणारा देवांक दलाल पाटण्याकडे होता आणि तरी पाटण्याचे एकूण गुण २३. हरियाणा ३२. तुमच्यापैकी कित्येक जण ती फायनल बघायला गेला होतात. बचावावर सामना फिरतो हे सगळ्यांना दिसतं, बचावपटूला कोटी मिळतात, आणि त्याला घडवणाऱ्याला पदनामसुद्धा नाही. याला कंजुषी म्हणत नाहीत, आंधळेपणा म्हणतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा. जो मोठ्या मैदानात खेळला नाही तो काय शिकवणार? याचं उत्तर इराणनं २०१८ मध्ये जकार्त्याला दिलं. २३ ऑगस्टला इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासूनची सगळी सुवर्णपदकं आपली होती, ती साखळी तिथं तुटली. दुसऱ्या दिवशी इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ नं हरवलं. त्या मुलींच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. वर्षानुवर्षे नाशिकमध्ये मुली घडवणारी बाई. इराणला जाऊन त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली, संघाला प्राणायाम लावला आणि सुवर्णपदक काढून दिलं. आपल्या संघांसाठी त्या आपल्याला सापडल्या नाहीत; तेहरानला सापडल्या. आणि इराणच्या पुरुषांचे प्रशिक्षक गुलामरेझा माझंदरानी? त्याच वर्षी यू मुंबानं त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. नाशिकचा माणूस इराणला, इराणचा माणूस मुंबईला. माझंदरानींबद्दल तक्रार नाही, माणूस दर्दी आहे. पण शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शोधून विकत घ्यावी लागते, हे आपल्याला परदेशी माणूस आणतानाच का कळतं?

पोराला मी डिप्लोमा कर म्हटलं. फीचं बघू, तेही म्हटलं. पण एका पोराची फी भरून हे सुटत नाही, आणि 'तू कर, पुढचं देव बघेल' असं सांगणं मला तरी जमलं नाही. म्हणून हे लिहितोय. पुण्या-मुंबईच्या दोन्ही संघांनी एकेका तरुण बचाव सहाय्यकाला हंगामभर सोबत ठेवावं, व्हिडिओ कापायला का असेना. आणि राज्य संघटनेनं दरवर्षी संघ जाहीर करताना जे पत्रक निघतं, ज्यात खेळाडूंच्या नावांखाली 'प्रशिक्षक' आणि 'व्यवस्थापक' अशा दोन ओळी असतात, त्यात तिसरी ओळ घालावी: बचाव प्रशिक्षक. कुमार गटापासून घालावी. मानधनासकट.