दिएगो गार्सियाची माणसं

‘छोटा भारत’ हा शब्द वर्षभर मला टोचतो आहे. मॉरिशसचा विषय निघाला की आपल्याकडचा वक्ता तो हमखास उच्चारतो, टाळ्या पडतात आणि त्या देशाबद्दलचं आपलं कुतूहल तिथंच संपतं. मार्च 2025मध्ये आपले पंतप्रधान त्यांच्या राष्ट्रीय दिनाला गेले, सप्टेंबरमध्ये त्यांचे पंतप्रधान नवीन रामगुलाम वाराणसीला आले, तेव्हाही हेच झालं. जिव्हाळा खरा आहे. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथं आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण नात्यातल्या घराला स्वतःचे व्यवहार असतात, हे आपण विसरतो.

1968च्या स्वातंत्र्यापासून, पॉल बेरांजे यांची 2003 ते 2005 ही कारकीर्द सोडली, तर तिथलं पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांबाहेर गेलेलं नाही. मतदार मात्र कुणाचा मिंधा नाही. 1982, 1995 आणि 2024 अशा तीन वेळा त्यानं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांच्या पदरात टाकल्या. एका गोष्टीत मात्र दोन्ही घराणी एक आहेत. चागोस बेटं परत हवीत.

1965 साली स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच ब्रिटननं ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि बदल्यात 30 लाख पौंड दिले. त्यांतल्या दिएगो गार्सिया या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. 1973पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन टाकलं. त्यांची पाळलेली कुत्रीसुद्धा धुरानं गुदमरवून मारली. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला भरलेल्या परिषदेला हजर असलेले माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ 2018 साली, वयाच्या 88व्या वर्षी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं उभे राहिले. पुढच्याच वर्षी न्यायालयानं मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या चिकाटीपुढं मी नतमस्तक आहे.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यातल्या करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा तळ मात्र 99 वर्षं ब्रिटनच्या ताब्यात. त्याच पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या बाजूनं लंडनच्या न्यायालयानं स्थगिती दिली होती. आमच्या मातीचा सौदा आम्हाला न विचारता का, एवढंच त्यांचं म्हणणं. काही तासांत स्थगिती उठली. करारानुसार इतर बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही.

चागोसची ही माणसं क्रिओल बोलतात. ती मुख्यतः नारळाच्या मळ्यांसाठी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांची वंशज. म्हणूनच ‘छोटा भारत’ म्हणताना ती आपल्या डोळ्यांपुढं येत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. आपला देश या प्रश्नात मॉरिशसच्या पाठीशी उभा राहिला, याचा मला अभिमान आहे. तसं असेल तर मॉरिशसच्याच आगालेगा बेटांबद्दलही बोललं पाहिजे. जेमतेम तीनशे वस्तीच्या त्या बेटांवर भारतानं बांधलेल्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन फेब्रुवारी 2024मध्ये झालं. आपलंही चागोस होईल का, ही तिथल्या माणसांची धास्ती आपण ऐकायला हवी. तिचं उत्तर दिल्लीनंही द्यायला हवं.

2025मध्ये आपल्याकडे, महाराष्ट्रात, बाकी पुष्कळ घडलं. हिंदीसक्तीचा शासन निर्णय मागे घ्यावा लागला, शिवरायांचे किल्ले जागतिक वारशात गेले, मराठवाड्यात पुरानं उभी पिकं आणि घरं नेली. त्यावर या अंकात सविस्तर लेख आहेत. अंकाचा विषय ‘घर’ ठरला तेव्हा पूर आलेला नव्हता. चागोसची माणसं मात्र माझ्या मनात तेव्हाही होती.

या अंकासाठी आलेल्या दोन लेखांत ‘छोटा भारत’ हा शब्द होता. लेखकांना फोन करून, त्यांच्या संमतीनं, तिथं मी ‘मॉरिशस’ लिहिलं आहे.