रफूचा भाव

"रफूला एवढे पैसे? त्यापेक्षा नवा शर्ट नाही का येणार!" असं दुकानाच्या फळीवर कोपर टेकून म्हणणाऱ्याने एकदा स्वतः रफू करून पाहावं. निवृत्तीनंतर मी ते शिकतो आहे, बायकोच्या हाताखाली. ती शिकवते कमी, उसवायला लावते जास्त.

सुरुवात स्वेटरच्या कोपरापासून केली, कारण लोकर नवशिक्याचं बरंच झाकून घेते. आतून काहीतरी गोल, टणक लागतं. पूर्वी गेलेला काचेचा बल्ब कामाला यायचा. एलईडी आले आणि तीही सोय गेली. मी वाटी उपडी घालतो. भोकाच्या बऱ्याच अलीकडून, धड विणीतून धावदोरा घालत यायचं, भोकावरून नुसता धागा न्यायचा आणि पलीकडे पुन्हा विणीत शिरायचं. गाठ मारायची नाही, ती टोचते. वळताना धागा जरा सैल सोडायचा. नाहीतर धुतल्यावर लोकर आटते आणि चुण्या पडतात. उभे धागे झाले की आडवे: एक वरून, एक खालून, पुढच्या ओळीत उलट. रुपयाएवढ्या भोकाला अख्खी दुपार जाते, मान आखडते ती वेगळीच.

आणि हे सोपं रफू. कोटाच्या कापडाला कसबी रफूगार त्याच कोटाच्या आतल्या मायेतून धागे उपसून काढतो, म्हणजे रंग जुळतो, आणि मूळ वीण धाग्याधाग्याने पुन्हा भरतो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार पिढ्यान् पिढ्या काश्मिरी शालींवर हेच करत आले. काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे काढायला आपला हात खिशात जात नाही. त्याच जागी चार ठळक फुलं भरून दिली असती तर मुकाट मोजले असते.

सेलमधल्या झिरझिरीत टी-शर्टला रफू करू नये. एक भोक भरेपर्यंत शेजारी दुसरं पडतं. त्याचं सरळ फडकं करावं. पण कोट, शाल, आईची रेशमी साडी अधूनमधून उजेडात धरून पाहावी. कापड नुसतं विरलेलं असतानाच नेलं तर रफूवाल्याचं काम निम्म्यावर येतं आणि आपला खर्चही.

आमच्या भागात रफूची पाटी आता एकाच दुकानावर उरली आहे. तिथे मी भाव करत नाही. बायको करते, पण तिला टाके मोजता येतात.