वैतरणेचे उतारू

मोहाडीत बसून समुद्रावर लिहायचे म्हणजे राजस्थानात बसून धानाच्या रोवणीवर लिहिण्यासारखे आहे. आमच्याकडे पाण्याची वाण नाही. तालुक्यातून सूर वाहते, वैनगंगा वाहते, आणि तलाव तर इतके की जिल्ह्याची ओळखच ‘तलावांचा जिल्हा’ अशी. पण हे सारे गोडे पाणी. खारे पाणी मी प्रथम पाहिले ते तिशी उलटल्यावर, मुंबईस एका कामासाठी गेलो तेव्हा. आणि खरे सांगायचे तर थोडा निराशच झालो. वैनगंगेचा पूर ज्याने पाहिला आहे, त्याला अपोलो बंदरावरचा ओहोटीचा समुद्र काही विशेष वाटत नाही. तेव्हा ‘यंदा दिवाळीसाठी काही वेगळे द्या’ असे संपादकांचे पत्र आले, त्या वेळी समुद्र माझ्या मनातही नव्हता. तो आला तुमसरच्या एका लाकडाच्या वखारीतून.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन पाच दिवस झालेले. घराच्या चौकटीचे पैसे द्यायचे राहिले होते म्हणून वखारीत गेलो. शेठ कच्छकडचे, दोन पिढ्या इकडे काढल्यामुळे मराठी आमच्यासारखेच बोलतात. त्या दिवशी त्यांची लाभपंचमी, नव्या वहीचे पूजन. कुंकवाने स्वस्तिक काढून झाले, मला पेढा दिला, आणि वही मिटता मिटता ते काहीतरी गुणगुणू लागले. चाल मोठी उदास. मी म्हटले, “शेठ, मुहूर्ताच्या दिवशी हे रडके गाणे कसले?”

“मास्तर, याच पंचमीला आमची ‘विजळी’ बुडाली. लहानपणी आजी हेच गाणे म्हणत असे. आमच्या घरातले कोणी नव्हते हो बोटीत. पण गाणे घरात आहे.”

मी घरी आलो आणि मिळेल ते वाचायला लागलो. आज जे सांगतो आहे ते त्या वाचनातले.

‘विजळी’ हे त्या बोटीचे लाडके नाव. कागदोपत्री तिचे नाव ‘वैतरणा’. वैतरणा म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे धावणारी आपली नदी. त्याच डोंगरातून गोदावरी पूर्वेकडे निघते आणि आमच्या वैनगंगेचे पाणी प्राणहितेवाटे शेवटी तिलाच मिळते. म्हणजे दूरचे का होईना, नाते आहे. पण वैतरणा म्हटले की आपल्याला वैतरणी आठवते, यमाच्या दारची. गाईचे शेपूट धरून जिच्या पार जायचे ती. मुंबईच्या शेफर्ड कंपनीच्या साहेबांना हे पुराण ठाऊक असण्याचे कारण नाही. नकाशावर एक नदी दिसली, नाव बरे वाटले, बोटीवर रंगवले.

बोट बांधली गेली स्कॉटलंडमध्ये, ग्रेंजमाउथ येथे, 1885 साली. वाफेवर चालणारी, तीन मजली, पंचवीस केबिनींची. आणि मुख्य म्हणजे आत विजेचे दिवे. काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या ज्या लोकांनी आयुष्यात पणती आणि कंदील यांखेरीज दुसरा उजेड पाहिला नव्हता, त्यांनी रात्री समुद्रावरून हे झगमगते घर जाताना पाहिले आणि त्याला ‘विजळी’ म्हटले, यात नवल नाही. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला ती तीस तासांत पोचवी. भाडे आठ रुपये.

1888 च्या 8 नोव्हेंबरला, गुरुवारी, भर दुपारी ती मांडवीहून सुटली तेव्हा तिच्यावर 520 उतारू होते. द्वारकेला आणखी चढले. आकडा झाला 703. खलाशी वगैरे मंडळी चाळीसहून अधिक, ती वेगळी. पुढचा मुक्काम पोरबंदर. पण समुद्र इतका खवळला होता की बोट तिथे थांबलीच नाही. संध्याकाळच्या सुमारास मांगरोळजवळून जाताना ती लोकांना दिसली म्हणतात. रात्री वादळ झाले. दुसऱ्या दिवशी ती मुंबईला आली नाही.

बस, एवढेच. या गोष्टीला यापुढचा प्रसंगच नाही. खडकावर आपटलेल्या गलबताचे काही सांगायला कोणीतरी उरते. एखादा खलाशी फळीवर तरंगत किनाऱ्याला लागतो, एखादे डोलकाठीचे लाकूड सापडते. वैतरणेचे काही सापडले नाही. शोधाला आगबोटी गेल्या आणि रिकाम्या परत आल्या. बिनतारी यंत्र त्या काळी नव्हते, म्हणजे शेवटचा संदेशही नाही. सातशेच्या वर माणसे विजेचे दिवे लावून अंधारात गेली, आणि ती कोणत्या क्षणी गेली हे सांगायला एकही जण उरला नाही.

जिथे माणूस उरत नाही तिथे गाणे उरते. त्या गाण्यात काय काय आहे! बोटीत तेरा वऱ्हाडे होती म्हणतात. मी हिशेब करून पाहिला. कार्तिक शुद्ध पंचमी म्हणजे देवउठणी एकादशीच्या आधीची. तुळशीचे लग्न लागल्यावाचून आपल्याकडे माणसाचे लग्न लागत नाही. मग पंचमीला तेरा वऱ्हाडे कुठून निघाली? पहिल्या मुहूर्तासाठी आधीच निघाली असतील, नाही असे नाही. किंवा गाण्याला वऱ्हाड हवे होते म्हणून ते चढले असेल. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पुष्कळ मुले तीत होती, हे मात्र मला पटते, कारण परीक्षा मुहूर्त पाहत नाही. मी जन्मभर मुलांना परीक्षेच्या गावी पाठवत आलो. बुडालेल्या वऱ्हाडापेक्षा ती पाटी-पुस्तकातून नुकती वर आलेली पोरे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आठ रुपये बापाने कुठून उभे केले असतील!

पोरबंदरच्या लेली नावाच्या साहेबाने ‘पुढे जाऊ नका’ म्हणून परोपरीने सांगितले, असेही लोक सांगतात. पण बोट पोरबंदरला थांबलीच नव्हती, तर सांगितले कोणाला? आणि हाजी कासम! बोट शेफर्ड कंपनीची, पण गाण्यात ती हाजी कासमची झाली. कोणी म्हणतात तो कप्तान, कोणी म्हणतात तो उतारूंची तिकिटे पाहणारा. गुजरातीत गुणवंतराय आचार्यांनी कादंबरी लिहिली तिच्याही नावात तोच आहे. लोकांनी हाजी कासमला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवले, आणि भाड्याचे पैसे मोजून घेणाऱ्या कंपनीचे नाव मात्र आज कोणाच्या तोंडी नाही. गाण्यांचा न्याय असा असतो.

आता थोडे हिशेबाचे. बोटीची लांबी सुमारे 170 फूट, रुंदी सव्वीसच्या आसपास, खोली दहा फुटांच्या आतबाहेर. आपल्या भाषेत सांगायचे तर एकामागे एक पाच एस.टी. गाड्या उभ्या केल्या तर तेवढी लांबी होईल. रुंदी जेमतेम तीन गाड्यांची. त्यात इंजिन, बॉयलर, कोळसा, माल, केबिनी. आणि माणसे? पूर्ण भरलेल्या तेरा गाड्यांची. दहा फूट खोलीच्या होडक्यावर मजल्यावर मजले चढवायचे आणि वरच्या मजल्यावर माणसांची गर्दी करायची, मग बाजूने वारा आला की काय होईल हे समजायला गोदीत शिकावे लागत नाही. डोक्यावर भारा घेतलेली बाई धुऱ्यावरून कशी चालते ते पाहिले तरी पुरे.

मुंबई सरकारने चौकशी नेमली. जीव वाचवण्याच्या होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते, असा तिचा निष्कर्ष. तो ऐकायला बुडालेल्यांपैकी कोणी नव्हते. (चोवीस वर्षांनी टायटॅनिक बुडाली, तेव्हा बावीसशेच्या वर माणसांमागे होड्यांत जागा होती 1178. साहेब आपल्या देशबांधवांशीही फार वेगळा वागत होता असे नाही.)

इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या एका खासदाराने याच गोष्टीसाठी जन्म घालवला. मालक लोक कुजकी जहाजे विम्यासह ठासून भरतात आणि खलाशी मरतात, म्हणून तो 1875 साली भर पार्लमेंटात आरडाओरडा करून मोकळा झाला. पुढल्या वर्षी कायदा झाला की प्रत्येक ब्रिटिश जहाजाच्या अंगावर भाररेषा हवी. ती पाण्याखाली गेली की आणखी माल घ्यायचा नाही. फार उत्तम. फक्त ही रेषा कुठे काढायची ते मालकानेच ठरवायचे! एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली, अशी गोष्ट सांगतात. रेषेची जागा कायद्याने पक्की झाली ती 1890 साली. वैतरणा जाऊन दोन वर्षे झाली होती.

आणखी एक चूक लोकांची म्हणावी की निसर्गाची, मला ठरवता येत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की समुद्र शांत झाला, ही आपली समजूत. पण अरबी समुद्रातली चक्रीवादळे पावसाळ्याच्या आधी येतात तशी पावसाळ्यानंतरही येतात. 1854 च्या नोव्हेंबरात खुद्द मुंबई बंदरात असे वादळ शिरले, आणि चार तासांत हजारभर माणसे गेली असे मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. म्हणजे माणसे ज्या महिन्यात निर्धास्त होऊन सणाला, लग्नाला, परीक्षेला निघतात, नेमका तोच महिना. 1947 च्या 17 जुलैला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ कलंडली. दिव्याची अवस तोंडावर आलेली, सणाला घरी जायची गर्दी. सहाशेहून अधिक लोक गेले. तो महिना पावसाळ्याचा होता एवढाच फरक. सणाची गर्दी तीच.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडया भरतात. भंडाऱ्याकडच्या माणसाला मंडई समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढेच, की भाऊबीज झाली की गावोगाव एकेक दिवस जत्रा, रात्री दंडार, आणि सगळे सोयरे-धायरे त्या गावी. म्हणजे हीच पंचमीची तिथी, आणि हाच प्रवास. वैनगंगेवर पूल कमी होते तेव्हाची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा. मामाच्या गावची मंडई पाहून मी, आई, धाकटी बहीण आणि बाबा परत निघालो होतो. दिवस मावळायला आला होता. घाटावर नाव एकच, आणि माणसे दोन नावांची. नावाडी ढिवर, उन्हाने काळा ठिक्कर झालेला म्हातारा. त्याच्या नावेच्या बाहेरच्या फळीवर एक मोठा खिळा ठोकलेला होता. पाणी त्या खिळ्याला लागले की तो वल्हे आडवे धरी.

आम्ही पोचलो तेव्हा वल्हे आडवेच होते.

“खिळा बुडला, गुरुजी. आता मानूस नाई घेत. दुसऱ्या खेपेला या.”

बाबा शाळामास्तर. घाटावरच्या अर्ध्या लोकांची पोरे त्यांच्या हाताखालची. ते म्हणाले, “अरे, लेकरे आहेत, अंधार पडतो आहे. चार माणसांनी काय होते?” लोकही म्हणाले, घे रे, गुरुजी आहेत. म्हाताऱ्याने खिळ्याकडे पाहिले, बाबांकडे पाहिले, आणि वल्हे बाजूला केले. आम्ही चढलो, आणि आमच्यामागून, आम्हाला घेतले म्हणून, आणखी तिघे.

मधल्या धारेत पाणी नावेच्या काठाशी वीतभर खाली होते. एवढी माणसे, पण कोणी बोलत नव्हते. आईने बहिणीला मांडीवर घट्ट दाबले होते आणि माझे मनगट धरले होते. तिच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होता. कार्तिकातली नदी शांत असते, वारा नव्हता. आम्ही पैलतीराला लागलो. बाबांनी नावाड्याला दोन आणे जास्त दिले. त्याने ते घेतले नाहीत.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षे जगले. आपल्या आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितल्या. ही एक कधी सांगितली नाही. वारा सुटला असता तर घाटावर एखादे गाणे झाले असते, आणि त्यात नाव त्या म्हाताऱ्याचे आले असते, मास्तरांचे नाही.

वैतरणेचे वाचून झाले त्याच आठवड्यात एका मंडईहून मी रात्री परत येत होतो. काळी-पिवळी जीप उभी होती. मागे मंडळी मांडीला मांडी लावून बसलेली, दोघे दाराला लटकलेले. मला पाहून ड्रायव्हरने पुढचे दार उघडले. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा.

“या, गुरुजी, बसा. ए, सरका रे, गुरुजींना जागा द्या.”

मंडळी सरकली. मी बसलो. बाहेर आणखी एक बाई आली, काखेत पोर. ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पन जरा सरका जी.”

मी सरकलो.