पोटाचा घेर व मनाचा घोर

आमच्या घरच्या औषधांच्या फडताळांत गेल्या दिवाळीनंतर एक नवी बाटली येऊन बसली. तिच्यावर छापलें होतें कीं, मनावरील ताणामुळें 'कॉर्टिसॉल' नांवाचा रस शरीरांत वाढतो, त्यामुळें पोट सुटतें, आणि आंतील गोळी तो रस उतरवून पोटहि उतरवते. बाटली सूनबाईंची होती. परंतु ती घ्यावयास सांगितलें कोणीं, असें विचाराल तर उत्तर देतांना आम्हांस संकोच वाटतो. तें आम्हींच सांगितलें होतें. बाटलीवर अश्वगंधेचें नांव पाहिलें, आणि जें नांव चरकसंहितेंत आहे त्यापासून अपाय तो काय होणार, असें आम्ही मोठ्या अधिकारानें बोलून गेलों. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें म्हणजे वैद्यकहि आपोआप येतें, असा आमचा समज झाला असावा.

पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. आधीं मूळ प्रश्नाकडे वळूं : ताणानें पोट सुटतें काय, आणि सुटलें तर तें गोळीनें उतरतें काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथि आहेत. त्यांस अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. कॉर्टिसॉल त्यांतून स्रवतें. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि त्यांस आज्ञा करते, आणि रक्तांत तें पुरेसें झालें म्हणजे ती आज्ञा आवरलीहि जाते. पहाटे जागें होण्याच्या सुमारास त्याचें प्रमाण सर्वांत अधिक, व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतें. तें आपलें वैरी नव्हे. उपाशीपणीं रक्तांतील साखर टिकविणें, रक्तदाब सांवरणें, सूज आटोक्यांत ठेवणें, या कामांत त्याचा मोठा वांटा आहे. तें अगदींच नाहींसें झालें आणि उपचार मिळाला नाहीं, तर मनुष्य जगत नाहीं. तेव्हां कॉर्टिसॉल जितकें कमी तितकें बरें, ही समजूतच प्रथम सोडली पाहिजे.

तथापि जाहिरातवाल्यांनीं ही गोष्ट सर्वस्वीं कल्पनेंतून काढली, असेंहि नाहीं. हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९३२ सालीं एका रोगाचें सविस्तर वर्णन केलें. त्यांत चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट वाढतें, हातपाय मात्र बारीक होतात, आणि पोटाच्या कातडीवर जांभळट पट्टे उमटतात. कॉर्टिसॉल फार काळ व फार प्रमाणांत वाढलें म्हणजे असें होतें, हें पुढें कळून आलें. दमा, संधिवात इत्यादि रोगांसाठीं स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागणारांतहि हाच प्रकार दिसतो. परंतु शरीरांत आपण होऊन उद्भवणारा हा रोग विरळा आहे. नदीचा महापूर निराळा आणि रोजची भरतीओहोटी निराळी. बाटली विकणारा नेमका हाच भेद पुसून टाकतो.

हा व्यापार आजकालचा नव्हे. अमेरिकेंत 'कॉर्टिस्लिम' नांवाच्या गोळ्या ह्याच युक्तिवादावर विकल्या गेल्या. तेथील फेडरल ट्रेड कमिशननें २००४ सालीं विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांचा आरोप ठेवला, आणि २००७ च्या जानेवारींत त्यांनीं किमान १ कोटि २० लाख डॉलरांच्या मालमत्तेवर पाणी सोडण्याचें कबूल केल्याचें जाहीर झालें. विक्रेते गेले, युक्तिवाद मात्र शिल्लक राहिला, आणि आतां तो आपल्या फडताळापर्यंत पोंचला आहे.

आतां एक मौज पाहा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल व अतिकृश माणसांची चर्चा आहे. गोड व स्निग्ध अन्नाचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप यांच्या जोडीस, चिंता नसणें हेंहि स्थूलतेचें कारण म्हणून तेथें दिलें आहे. आणि कृशास पुष्ट करावयाचें तर त्यास झोंप, आनंद व निश्चिंतता द्यावी, असें सांगितलें आहे. म्हणजे जुन्यांच्या मतें चिंतेनें मनुष्य वाळतो, आणि आजची बाटली म्हणते तो फुगतो. खरें कोणाचें? आम्हांस वाटतें, दोहोंतहि तथ्य आहे. काळजीनें एकाच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं, आणि दुसरा रात्रीं अकरा वाजतां चिवड्याचा डबा उघडतो. अमेरिकेंतील एका प्रयोगांत ५९ निरोगी स्त्रियांस मुद्दाम मानसिक ताण देण्यांत आला. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांताप्रमाणें, ज्यांचें कॉर्टिसॉल अधिक वाढलें त्यांनीं ताणाच्या दिवशीं अधिक खाल्लें, व त्यांचा ओढा गोडाकडे अधिक होता. ताण पोटावर थेट चरबी ओततो असें नसून, पुष्कळदां तो हात डब्याकडे वळवितो, असें यावरून दिसतें.

जागरणाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं ११ निरोगी तरुणांस सहा रात्री फक्त चारचार तास निजूं दिलें. संध्याकाळीं जें कॉर्टिसॉल उतरावयाचें, तें चढेंच राहिलें, आणि साखर पचविण्याची शक्तीहि मंदावली. हा वृत्तांत १९९९ सालचा. ते तरुण धडधाकट होते, व सहाच रात्रींचा प्रश्न होता. ज्या घरांत आजारी माणूस आहे, तेथील जागरणें महिनोगणती चालतात, हें वाचकांस सांगावयास नको.

आतां अश्वगंधेसंबंधीं. मुळास घोड्यासारखा वास येतो म्हणून हें नांव. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगांत ताणानें गांजलेल्या ६४ जणांपैकीं कांहींस मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कुपी दिवसांतून दोनदां, असें ६० दिवस दिलें, व बाकीच्यांस दिसावयास तशीच पण निर्गुण कुपी दिली. अर्क घेणारांचें कॉर्टिसॉल सुमारें २८ टक्क्यांनीं उतरलें, इतरांचें सुमारें ८ टक्क्यांनीं. मनाचा ताणहि पहिल्यांस कमी वाटला. तेव्हां या मुळांत कांहींच गुण नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वजनासंबंधीं २०१७ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध झाला तो ५२ जणांचा व आठ आठवड्यांचा. एवढ्याशा आधारावर वर्षानुवर्षें सांठलेल्या पोटाच्या चरबीविषयीं अभिवचन देतां येत नाहीं. 'ह्यानें कॉर्टिसॉल उतरतें, म्हणून पोट उतरेल' या अनुमानांत, न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, व्याप्तिच सिद्ध झालेली नाहीं. मॅग्नेशियम, फॉस्फॅटिडिलसेरीन इत्यादि जीं इतर द्रव्यें अशा बाटल्यांत असतात, त्यांच्याविषयींहि याहून अधिक सांगतां येत नाहीं.

आणि आमच्या चुकीवर कळस म्हणजे हा : त्याच सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायांत अश्वगंधेची गणना बल्य व बृंहणीय या गणांत केली आहे. बृंहणीय म्हणजे अंग भरून आणणारें. जी वनस्पति कृशास पुष्ट करण्यासाठीं सांगितली, तिच्याच नांवानें आज स्थूलांचें पोट उतरविण्याची हमी विकली जाते. आणि ग्रंथाचा हवाला देऊन आम्ही त्या विक्रीस साक्षीदार झालों. ग्रंथांत नांव आहे एवढें आम्हांस आठवलें. कशासाठीं आहे तें पाहण्याचे कष्ट आम्हीं घेतले नाहींत.

वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा समजहि खरा नव्हे. आइसलंड व अमेरिका येथील पांच रुग्णांस अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर यकृताचा विकार होऊन कावीळ झाल्याचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत आलेला आहे. डेन्मार्कनें २०२३ सालीं तिच्या विक्रीस बंदी केली. गर्भवती स्त्रियांनीं ती घेऊं नये. थायरॉइड ग्रंथीचे रस तिनें वाढूं शकतात. म्हणून त्या विकाराची गोळी जे घेतात त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिला हात लावूं नये.

आमच्या सूनबाई ती थायरॉइडची गोळी सहा वर्षें घेत आहेत. हें आम्हांस ठाऊक होतें. संबंध मात्र ठाऊक नव्हता. दोन महिन्यांनीं त्यांच्या छातींत धडधड होऊं लागली, हात कांपूं लागले. डॉक्टरीणबाईंनीं रक्त तपासविलें, तों थायरॉइडचें प्रमाण वाजवीपेक्षां वर गेलेलें. "आणखी काय घेतां?" असें त्यांनीं विचारलें, आणि बाटलीचें नांव निघालें. ती त्याच दिवशीं बंद झाली, व दीड महिन्यांनीं तपासणी पूर्ववत् आली.

पण त्या दिवशीं डॉक्टरीणबाईंनीं आणखी एक प्रश्न विचारला. "रात्रीं झोंप किती होते?" सूनबाई म्हणाल्या, "चार तास, फार तर साडेचार. तीहि तुकड्यातुकड्यांनीं." आम्ही शेजारच्याच खुर्चीवर बसलों होतों. आमच्या कुटुंबाच्या खुब्याचें हाड मोडल्यापासून रात्रींतून तीन वेळां त्यांस उठवावें लागतें, आणि तिन्ही वेळां उठतात त्या सूनबाई. सकाळीं डबे करून नोकरीवर जातात त्याहि त्याच. आठ महिने हें आमच्या डोळ्यांपुढें चाललें होतें, आणि आम्हीं त्यावर सुचविला तो उपाय म्हणजे एक बाटली!

त्या रात्रीपासून वांटणी केली. दोन वाजेपर्यंतची हांक मुलाची, त्यापुढची आमची. म्हाताऱ्यास नाहीं तरी पहाटे झोंप कोठें असते? सकाळचे डबे मुलानें पत्करले. सूनबाई आतां साडेसहा तास सलग निजतात, व संध्याकाळीं अर्धा तास चालून येतात. पांच महिन्यांत त्यांच्या कंबरेचा घेर तीन सेंटिमीटर उतरला. यांत झोंपेचा भाग किती, चालण्याचा किती, आणि रात्रीचा डबा मिटल्याचा किती, हें आम्ही सांगूं शकत नाहीं, व एका घरावरून सिद्धांतहि बांधीत नाहीं. घरांतला आवाज खालीं आला आहे, एवढें मात्र निश्चित.

पोटाची उपेक्षा करावी, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन यडकिन या दोघांनीं २००४ सालीं स्वतःचींच शरीरें मोजून एक नोंद 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण शरीरांतील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण सडपातळ दिसतों म्हणून निर्धास्त राहण्याची सोय आपणां भारतीयांस नाहीं. शेवटची बरगडी व कंबरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून फीत लावावी. पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटरांहून अधिक भरल्यास रक्तांतील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. पोटाबरोबर चेहरा वाटोळा होऊं लागला, जांभळट पट्टे दिसले, जिना चढतांना मांड्यांत बळ राहिलें नाहीं, तर बाटलीच्या नादीं न लागतां डॉक्टरांकडे जावें.

आणि आपल्या घरांत कोणास अशी बाटली घ्यावीशी वाटली, तर वाचकांनीं तिची किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा : ह्या घरांत रात्रीं हांक आली असतां उठतें कोण?