मांडीवरची गिटार, गळ्यातले गाणे

रामनगरची रामलीला पाहायला गेलेल्या माणसाला पहिले नवल वाटते ते तिथल्या शांततेचे. महिनाभर चालणाऱ्या या लीलेत ना लाउडस्पीकर, ना विजेचे झगमगते दिवे. समोर हजारोंचा समुदाय. संवाद सुरू होण्याआधी फक्त एक आरोळी उठते, ‘चुप रहो, सावधान!’ आणि पार मागे बसलेली म्हातारीसुद्धा कान टवकारते. काशीनरेश उदितनारायण सिंह यांच्या काळापासून, म्हणजे साधारण १८३० पासून, या गावाला असे कान देऊन ऐकण्याची सवय लागली आहे.

या रामनगरच्या समोर, गंगेच्या दुसऱ्या काठावर बनारस. तिथे ऐकण्याचीच परीक्षा घेणारे एक वाद्य रुजले आहे. ते म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. ‘गिटारवर राग? छे, ती तर पार्टीत वाजवायची!’ असे म्हणणाऱ्यांना या शहराने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

हवाईची पाहुणी

या गिटारच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबत नाहीत. त्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते आणि ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडतात. परदेशात हिला लॅप स्टील म्हणतात, आपल्याकडे हवाईयन गिटार. सुनील गांगुली, व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डवर वाजलेली सिनेमाची गाणी ज्यांनी रेडिओवर ऐकली आहेत, त्यांना तिचा लांबत जाणारा, काळजाला हात घालणारा सूर परिचयाचा आहे.

या वादनाचे श्रेय हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू याला दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शाळकरी वयातच त्याने तारांवर धातूचा तुकडा सरकवून पाहिला. पण त्याच्याही आधी तिथे पोहोचलेल्या गेब्रियल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका माणसाचे नाव या संदर्भात काही जण घेतात. ते खरे असो वा नसो, तारेवर घसरता सूर काढणे आपल्याला नवे नव्हते. उत्तरेत विचित्र वीणा काचेच्या गोट्याने वाजते आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यमही याच पद्धतीचे. म्हणून १९४० च्या दशकात टाऊ मो हा हवाईचा कलावंत कलकत्त्यात राहून गिटार वाजवू लागला, तेव्हा इथल्या कानांना ती परकी वाटली नाही.

बनारसने काय दिले?

काशी हिंदू विश्वविद्यालयात १९५० मध्ये संगीत महाविद्यालय सुरू झाले ते पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली. ठाकूर हे आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पुढे याच ठिकाणी डॉ. लालमणी मिश्र यांनी विचित्र वीणेची साधना केली आणि विद्यार्थी घडवले. म्हणजे पडदे नसलेल्या तारेतून गाणे काढण्याची विद्या बनारसला ठाऊक होती.

याच शहरात डॉ. कमला शंकर या तमिळ कुटुंबातल्या मुलीने गिटार हाती घेतली. गंमत अशी, की गिटारवर गाणे कसे उतरवायचे हे त्या पंडित छन्नूलाल मिश्र यांच्याकडून शिकल्या, आणि पंडितजी होते गायक. खयाल आणि ठुमरी ते गळ्याने सांगायचे आणि शिष्येने ती तारेवर आणायची. बाजारातली तयार गिटार या कामाला अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गरजेप्रमाणे वाद्य घडवून घेतले. त्याची मान पोकळ आहे, त्यामुळे आवाजाला गोलाई येते आणि सूर जास्त वेळ टिकतो. हीच ‘शंकर गिटार’.

असे करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांच्या घरात सतार-सरोदचे वातावरण. तिथे गिटारचे स्वागत होणे कठीणच होते. काबरांनी मात्र तिच्यावर शास्त्रीय संगीतच वाजवायचे ठरवले, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार मानाने बसली. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला चिकारी आणि तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा केली. तिला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कारापर्यंत पोहोचवले. काबरांचे शिष्य, कोलकात्याचे देबाशीष भट्टाचार्य यांनी तर चतुरंगी, गंधर्वी आणि आनंदी अशी तीन वाद्ये घडवली. प्रत्येकाची गिटार वेगळी, कारण प्रत्येकाच्या मनातले गाणे वेगळे.

वाद्य घडवून घेताना

समजा, तुमच्या घरात कोणी अशी गिटार घ्यायची म्हणते आहे. मुलीचा हट्ट असेल किंवा निवृत्तीनंतर वडिलांना राहिलेली हौस भागवायची असेल. तर एकदम मोठी रक्कम घालू नका. साध्या गिटारच्या मानेवर उंच पट्टी बसवून तारा वर उचलता येतात आणि तिच्यावर सुरुवात करता येते. वर्षभर रियाज टिकला, तर मग खास वाद्याचा विचार करावा.

मात्र साध्या गिटारलाच तरफा जोडून घेण्याचा मोह टाळा. मुख्य तारांखाली दहा-बारा तारा आणखी ओढल्या, की ताण कितीतरी वाढतो. हलक्या गिटारचे पोट फुगते, मान वाकते आणि महिन्याभरात सूर जागेवर राहत नाहीत. खास घडवलेल्या वाद्याला जास्त पैसे पडतात ते हा ताण पेलण्यासाठी.

कारागिराशी बोलताना या गोष्टी आधी ठरवा.

• पट्टी : पांढरी दोन की काळी एक? त्यावर तारांची जाडी ठरते. वाजवणारी व्यक्ती गातही असेल, तर तिच्या गळ्याला सोयीची पट्टी घ्या.

• लाकूड : चांगले मुरलेले हवे. ओले लाकूड उन्हाळ्यात तडकते आणि कोकणातल्या पावसात फुगते.

• तारांची उंची : कांडी टेकवल्यावर मुख्य तार खालच्या तरफेला लागता कामा नये.

• माप : वाद्य मांडीवर ठेवून बसून पाहा. खांदे उचलावे लागत असतील, तर ते तुमच्या मापाचे नाही. बारा वर्षांच्या मुलीला आणि सहा फुटी पुरुषाला एकच आकार सोयीचा होत नाही.

तरफा आणि जवारीचे काम आपल्याकडे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण सतार करणाऱ्याने गिटार केलेली असेलच असे नाही. त्याने आधी घडवलेले एखादे वाद्य ऐकल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

शिकताना

पेटीची पट्टी दाबली, की सूर हजर होतो. तो चुकला तर दोष पेटीचा. इथे तसे नाही. गिटारवरच्या रेघा केवळ खुणा आहेत. कांडी त्या रेघेच्या अगदी वर, तारांना काटकोनात हवी. ती केसभर इकडे सरकली तरी गंधार उतरतो, तिकडे सरकली तर चढतो. डोळ्यांनी रेघ बरोबर दिसते आणि कान म्हणतात, चुकले! अशा वेळी कानाचे ऐकावे.

कांडी दाबू नका, नुसती टेकवा. जोर दिला तर तार खाली जाऊन खडखडते. कांडीच्या मागे अनामिका आणि करंगळी तारेवर हलकी ठेवली, म्हणजे नको ते आवाज थांबतात. तंबोरा लावून सुरुवातीचे काही आठवडे फक्त षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज वाजवा. पाहुणे हसतील, शेजारी विचारतील, ‘अजून एकही गाणे नाही?’ तिकडे लक्ष देऊ नका.

त्यानंतर भूप किंवा यमन घ्या. प्रत्येक ओळ आधी तोंडाने म्हणा, मग तारेवर आणा. जी मींड गळ्यातून निघत नाही, ती हातातून सहसा निघत नाही. तुमच्या गावात गिटारचे गुरू नसतील तरी अडत नाही. चांगला गायक गुरू शोधा. बसण्याची व हाताची पद्धत एखाद्या वादकाकडून थोड्या दिवसांत समजून घेता येते, गाण्याला मात्र वर्षे लागतात. कमला शंकर यांचे शिक्षण हेच सांगते.

पुष्कळ घरांत गिटार येते आणि सहा महिन्यांनी कपाटावर जाते. दोष मुलांच्या चिकाटीला दिला जातो. खरे तर त्या घरात बोटांना कामाला लावलेले असते आणि कानांकडे कोणी पाहिलेलेच नसते. वाद्याची ऑर्डर देण्याआधीच रोज अर्धा तास टीव्ही बंद करून घरच्यांनी एकत्र बसून गाणे ऐकायला सुरुवात केली, तर त्याला खर्च काहीच येत नाही. वाद्य कारागीर घडवून देईल. ऐकणारे घर मात्र आपणच घडवायचे असते.